सत्तर अंशांचा वक्र

इतकी वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं – बायकोलाही नाही. चूक माझी होती. माझ्या पीएचडीतला एक वक्र मी मोजलेलाच नव्हता.

शेल खडकाच्या बारीक छिद्रांत वायू भिंतींना चिकटून बसतो. खडक तापला की कमी चिकटतो. किती कमी, हे वेगवेगळ्या तापमानांना मोजलं की चिकटताना किती उष्णता बाहेर पडते याचा हिशेब मांडता येतो. मी तीस आणि पन्नास अंशांना मोजलं; प्रत्येक तापमानाचा आलेखावर एक वक्र. सत्तरला उपकरणाची झडप गळू लागली, प्रबंधाची मुदत जवळ आली, आणि – कसं सांगू? – तिसरा वक्र मी पहिल्या दोनांवरून अंदाजाने आखला. त्यावर शोधनिबंध छापून आला. त्यावरच पुण्यात प्राध्यापकी मिळाली.

मग वैशाली आली. यवतमाळची, माझी पहिली विद्यार्थिनी. तिने तोच खडक घेतला, आणि तिचे सत्तरचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळेनात. मी काय म्हणालो असेन?

"नमुना नीट वाळवला नसशील. ओल राहिली की असंच होतं."

तिने पुन्हा वाळवला. पुन्हा मोजला. दीड वर्ष. एकदा हसून म्हणाली, "सर, आता तर दगडही कंटाळला असेल जी." मीही हसलो.

मग तिने सरळच विचारलं, "सत्तरचा वक्र तुम्हीच काढला होता ना, सर?"

"हो, मीच काढला."

प्रयोगशाळेत आम्ही वक्र 'काढतो' – मोजून काढला की नुसता हाताने, ते त्या शब्दात कळत नाही. मी त्या शब्दाआड दडलो. खोटं कुठे बोललो, अशी स्वतःची समजूत घातली. सुटायला एक वाक्य पुरेसं होतं. पण त्याच वाक्याने माझी खुर्ची जाणार होती. मग रोज तिच्या टेबलाजवळून मान खाली घालून जायचं – दुसरं काय?

तिने पीएचडी सोडली. जाताना माझ्या पाया पडली. "माझ्याच हाताला प्रयोग जमत नाहीत, सर." आणि मी? मी आशीर्वाद दिला.

गेल्या महिन्यात शोधनिबंध मागे घेत असल्याचं पत्र नियतकालिकाला पाठवलं आणि कर्वेनगरला गेलो. तिथे ती बारावीचे क्लास घेते. वर्ग सुटल्यावर फळ्यापाशी उभा राहून म्हणालो, "वैशाली, सत्तरचा वक्र मी मोजला नव्हता. तुझे आकडे पहिल्या दिवसापासून बरोबर होते. मी तुझी माफी मागतो."