विटाळाला घाबरणारी बाधा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. कोणी भूतबाधा म्हटलं की मी टर उडवते, आणि मग घरचे माझ्यावरच चिडतात! पण हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहितेय...

साल २००१. माझ्या मोठ्या बहिणीचं, सुनंदाताईचं सासर नाशकात, पंचवटीत. यात्रेकरूंचे विधी करणारं घर, त्यामुळे सोवळं-ओवळं भारी कडक. पाळी आली की बाई मागच्या खोलीत बसणार म्हणजे बसणार. ताई स्वभावाने अगदी मऊ. पण लेक झाल्यापासून, मुक्ता झाल्यापासून, तिला दर महिन्याला काहीतरी व्हायचं — ताटं भिरकावायची, ढसाढसा रडायची, "मी मेलेलीच बरी" म्हणायची. शेवटी सासरच्यांनी ठरवलं, हिला कायमची माहेरी पाठवायची. मुक्ताला मात्र ठेवून घेणार! मी गेले ती भांडायच्या तयारीनेच.

तिच्या सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "अगं, हिला बाहेरची बाधा आहे. मी बघत आलेय ना... ही बाजूला बसली रे बसली, की ते पळतं. विटाळ सहन होत नाही त्याला."

"काय सांगता काकू! भूतसुद्धा सोवळ्यातलं का?" माझं तोंड कुठे गप्प बसतंय.

पण त्या दुपारी ताईने माझ्याकडे बघितलं, तर त्या नजरेत ओळखच नव्हती. "मुक्ताला माझ्यापासून लांब ठेव," म्हणाली. आवाजही तिचा वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी आली आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसली. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले, तर —

"साखर घालायला विसरलीस ना? सासरी गेल्यावर काय दिवे लावणार आहेस, देव जाणे!"

अहो, माझी ताई! तीच चेष्टा, तेच हसू. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

सासूबाईंचं भूत मला पटलं नाही, पण निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. तेवढंच धरून मी ताईला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सासूबाईही आल्या. दोन-तीन पाळ्या नीट बघून डॉक्टर म्हणाल्या, "प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर. पाळीच्या आधी येणारा हा खराखुरा आजार आहे. औषध आहे यावर."

ताईने पहिलं काय विचारावं? "म्हणजे... मी वाईट आई नाहीये ना?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. ताई रडली, मी रडले, सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पण हिलाच का?" मी विचारलं.

"हार्मोन्स हिची चारचौघींसारखीच आहेत. त्यांच्या चढउताराला हिचा मेंदू फार तीव्र प्रतिक्रिया देतो, एवढं कळलंय. काही जणींनाच का, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

मलाही नाही कळलेलं. माणूस स्वतःतून असा निघून जातो आणि एका सकाळी आपणहून परत येतो... आठवलं की आजही हात जोडावेसे वाटतात. कोणाला, ते मला विचारू नका.

गोळ्यांनी ताईचं दुखणं पुष्कळ आवाक्यात आलं. माहेरी पाठवायचा विषय मिटला, आणि मुक्ता आईजवळच वाढली.