सालीसकट सफरचंद

माझी काकू पडदे आणि कोटाची अस्तरं शिवते. यंत्रावर बसली की तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. पण टाचण्या संपल्या की काकांची खैर नसते. काका घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतःच्या पोटाबद्दल दिवसभर बोलू शकतात.

त्यांचं पोट साफ होईना, म्हणून काकू त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी गोळ्या दिल्या आणि रोज सालीसकट सफरचंद खायला सांगितलं.

"फळातला चोथा आपल्याला पचत नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात, सालीतली तुरट द्रव्यंही फोडतात, आणि त्यातून आतड्याच्या अस्तराचं पोषण होतं. त्यांना उपाशी ठेवलंत, तर ते अस्तरावरचा चिकट थरच खायला लागतात."

अस्तराचं नाव निघाल्यावर काकूला वेगळं पटवायची गरजच उरली नाही. रोज सकाळी ती सफरचंदं चोळून धुवायची, एक स्वतः खायची आणि काकांचं चिरून त्यांच्या दुकानात न्यायच्या डब्यात भरायची. काही महिन्यांनी बाईंनी दोघांच्याही शौचाचे नमुने मागवले. एका घरात जेवणाऱ्या दोघांचे जिवाणू त्यांना ताडून बघायचे होते. नमुने पोचवायचं काम काकांनी आपणहून अंगावर घेतलं. एरवी हा माणूस पाण्याचा तांब्याही जागेवर ठेवत नाही, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

निकाल उत्तम आला. काकांचे जिवाणू जोमात होते आणि दोघांचे निकाल जवळपास सारखेच होते. बाईंनी काकांच्या गोळ्या बंद केल्या. "संसार एकजीव झालाय आमचा," असं काकू गल्लीभर सांगत सुटली. मीही हसलो.

मग काकांचं पोट फुगून टणक झालं, वेदनांनी ते गडाबडा लोळायला लागले. दवाखान्यात त्यांच्या पलंगाशी बसून काकू रडली. "माझंच चुकलं. फळं नीट धुतली गेली नसणार." काकांनी तिचे डोळे पुसले. बोलले मात्र काही नाहीत.

बाईंना मात्र राहवलं नाही. त्यांनी जुने नमुने पुन्हा तपासले आणि दोघांना समोर बसवलं. मी मागे उभा होतो.

"हे दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ती व्यक्ती स्त्री आहे."

काका खाली बघून पुटपुटले, "साल दाताखाली आली की शिसारी येते मला. दुकानाशेजारच्या शेळीला घालायचो. तुला कळलं असतं, म्हणून तुझ्याच डबीतलं थोडं माझ्या डबीत..."

मला त्या माणसाचा इतका संताप आला की मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. काकू घरी येऊन सरळ यंत्रावर बसली आणि टाचण्या तोंडात धरल्या.

संध्याकाळी काका दारात घुटमळले. "एवढ्याशा सफरचंदासाठी अबोला?"

काकूने एकेक टाचणी काढून शिवणाच्या छोट्या गादीला टोचली. "सफरचंदाचं मी हसण्यावारी नेलं असतं. मी स्वतःला दोष देत होते आणि तुम्ही माझे डोळे पुसत होतात. शेळीला बोलता येत नव्हतं हो. तुम्हाला येत होतं."

तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि यंत्र सुरू केलं.