मलप्पाच्या लेकीनं मशीनला चित्रं शिकवली

दामिनी लई हट्टी. हिच्या हट्टापुढं उदगीरचा किल्लासुद्धा हात टेकेल, असं तिचे अप्पा म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे!

लातूरच्या एका छोट्या कंपनीत ती डाळमिलच्या मशीनचा मेंदू बनवायची. तळहाताएवढा बोर्ड आणि त्यात तिनंच घडवलेला इंटरप्रिटर. मिलवाल्यानं साध्या भाषेत हुकूम लिहायचे, इंटरप्रिटरनं ते एकेक वाचून मशीनकडून करून घ्यायचे. पडद्यावर मात्र उमटायची निव्वळ इंग्रजी अक्षरं.

तीच मशीन नेमकी आली शंकरप्पाशेठच्या मिलमध्ये. तिथं दामिनीचे अप्पा, मलप्पा, तीस वर्षं ऑपरेटर. मशीनचं दुखणं नुसत्या कानानं ओळखणारा माणूस, पण अक्षरांशी उभा दावा. शेठ म्हणाले, "मलप्पा, सोमवारपासून शिकलेला माणूस ठेवायलोय. तू आता गेटवर बस."

आपल्याच मशीननं बापाला उठवावं? दामिनीचा जीव जळाला. अप्पांना अक्षरांऐवजी चित्रं दिसावीत म्हणून तिनं मशीनच्या भाषेत नवे हुकूम घातले: रेघ ओढ, रंग भर, चित्र उघड, चित्र दाखव. बोर्डाची मेमरी ती केवढी! अख्खं चित्र मावेना, म्हणून एकेक ओळ वाचायची, दाखवायची, विसरायची. घरच्या रिवाजानं पहिलं चित्र विभूतीच्या तीन आडव्या पट्ट्यांचं. झकास उमटलं.

रविवारी मिलमध्ये सगळ्यांसमोर पडदा लागला, आणि चित्रातला हॉपर, तूर ओतायचं ते मोठं नरसाळं, खाली डोकं वर पाय!

"पोरी, हे तर शीर्षासन करायलंय की," मलप्पा म्हणाले. शेठ हसले आणि नव्या माणसाला फोन लावू लागले.

दामिनीनं कपाळावर हात मारला. फाइलमध्ये चित्र खालच्या ओळीपासून भरलेलं, आणि विभूतीच्या पट्ट्या वरून बघा की खालून, सारख्याच, म्हणून चूक तेव्हा दिसलीच नव्हती! "शेठ, दहा मिनिटं थांबा." पोत्यावर लॅपटॉप ठेवून तिनं ओळींचा क्रम फिरवला.

हॉपर सरळ झाला. मग चित्रात मशीनचा पट्टा लाल झालेला दिसला. "पट्टा घसरला," मलप्पा लगेच म्हणाले. "पण रोलर तापल्याचं चित्र न्हाई. ते घाल." ते सांगत गेले, लेक मुकाट्यानं लिहीत गेली. कुठल्या सरांपुढं ती इतकी गुमान बसली नव्हती. बापाचा अभिमान तिच्या उरात मावेना.

"मग तू चालवशील?" शेठनं विचारलं.

"चालवणार की! मशीन माझ्या लेकीची हाय, मालक. परक्याचा हात लागू देऊ व्हय?"

शेठ नव्या माणसाला फोनवर म्हणाले, "सोमवारी येऊ नको बाबा. आमचा माणूस हाय."