चहा कुणावर?

माणसं कमी होतात, किस्से कमी होत नाहीत. उलट सांगणारी एकटी उरली की सगळे तिच्याच गळ्यात! माझा लेक जर्मनीहून फोन करतो, "आई, घर बंद कर, पुण्याच्या वृद्धाश्रमात नाव घालतो. त्या वाचनालयात आहे काय एवढं?" काय आहे ते ऐका.

*

वाचनालयात रोज जमणारे आम्ही तिघं. भूगोलाचे रिटायर्ड मास्तर, कुवेतला हयात काढून आलेले हमीदभाई, आणि चौथीत शाळा सुटलेली मी. एकदा मास्तर म्हणाले, "सिंगापूरला रस्त्यावर थुंकलं की दंड!"

मी म्हटलं, "मास्तर, सिंगापूर केवढं, आपण केवढे? तुलना बरोबरीच्याशी करावी. हापूस काय फणसाच्या शेजारी ठेवून जोखतात?"

तेव्हापासून नियम झाला. बरोबरीचा नसलेला देश मध्ये आणला की चहा त्याच्यावर!

*

हमीदभाई दुसऱ्याच दिवशी सापडले. "कुवेतला लाइट जात नाही."

"त्यांच्या जमिनीतून तेल निघतं, आमच्या जमिनीतून जांभा! मागवा चहा."

*

मीही हरले, खोटं कशाला बोलू? "श्रीलंकेतल्या बायका बघा किती शिकतात," असं मी म्हटलं, आणि मास्तरांनी नकाशाच उघडला. "आक्का, हा ठिपका बरोबरीचा?"

"आकार नका बघू! सुरुवात सारखी झाली तो बरोबरीचा."

त्यावर हमीदभाई हळूच म्हणाले, "मी आणि माझा भाऊ एका आईचे, एकाच होडीवरचे. तो इथेच मिरकरवाड्यात मासे मारत राहिला, मी कुवेतला गेलो. सुरुवात सारखीच ना? मग सांगा, कुणाचं धोरण बरोबर?"

त्या दिवशी चहा कुणी द्यायचा तेच ठरेना. तसेच उठलो.

*

मास्तरांना लेकीने पुण्याला नेलं. फोनवर म्हणाले, "सोसायटीच्या बागेत म्हातारे ढीगभर आहेत हो. पण कोणी कोणाला खोडून काढत नाही! मी काहीही बोललो तरी मान डोलावतात."

एवढा भांडकुदळ माणूस, आवाज पार बसला होता.

*

हमीदभाई गेल्या पावसाळ्यात गेले. आदल्याच संध्याकाळी दारात वळून म्हणाले होते, "आक्का, उद्या व्हिएतनाम काढतो. तयारीत राहा!"

मी तयारीत होते.

*

परवा लेकाचा पुन्हा फोन. "आई, इथे तुझ्या वयाच्या बायका होममध्ये मजेत असतात. सरकार बघतं सगळं."

मी उसळले. "तिथली गोष्ट तिथे! तुलना बरोबरीच्याशी करावी, एवढं कळत नाही?"

तो म्हणाला, "बरं. मग तुझ्या बरोबरीचं तिथे आता उरलंय कोण?"

फोन मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी वाचनालयात गेले. खिडकीतून टपरीवाल्या सुरेशला हाक मारली, "तीन चहा!"

सुरेशने आत डोकावून दोन्ही खुर्च्या बघितल्या.

"आक्का, आज कोण हरलं?"

"तू आधी चहा आण!"