सायबर कॅफेत सोडलेलं वारं

“पत्रा लागणारच मॅडम! देणगीदारांची नावं मग कशावर लिवायची?” सरपंचांनी माझ्या टेबलावर बुक्की मारली.

गारगोटीकडच्या त्यांच्या गावाला नदीवर पायी जायचा झुलता पूल हवा होता. लोखंडी दोरांवर लटकणारा, डिझाइन माझं. कठड्याला मी जाळी दाखवली होती. सरपंचांनी मात्र दोन्ही बाजूंना सलग पत्रा लावून त्यावर नावं रंगवायचा शब्द अख्ख्या गावाला दिला होता. आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

“पत्रा वारं अडवतो,” मी म्हटलं. “मग वारं वर-खाली भोवरे सोडतं. झोपाळ्याला लयीत धक्के द्यावेत तसा पूल हलायला लागतो.”

“दावा की मग!”

“दावते!” माझंही डोकं फिरलं होतं.

दाखवायचं म्हणजे कॉम्प्युटरवर पूल उभा करायचा आणि त्यावर वारं सोडायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. वाऱ्याचा वेग वेगळा, दिशा वेगळी, अशा ढीगभर केसेस. ऑफिसचा एकटा कॉम्प्युटर पावसाळ्यापर्यंत घरघरत बसला असता. पण प्रत्येक केस स्वतंत्र असते. मग ही केस या मशीनला, ती त्या मशीनला, आणि उत्तरं इंटरनेटवरून माझ्याकडे. रानात सगळ्यांनी मिळून पैरा करावा, म्हणजे एकमेकांच्या शेतातलं काम वाटून उरकावं तसं. डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग म्हणतात ते एवढंच.

मशीनं घेतली सायबर कॅफेतली, गिऱ्हाईक नसताना रिकामी पडलेली. उचगावच्या कॅफेवाल्या रफीकभाईंनी आधी हसत होकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर ओरडले, “मॅडम, गिऱ्हाईक एक न्हाय आणि मशीनचं पंखं कशापायी बोंबलत्यात? व्हायरस सोडला काय?”

“वारं सोडलंय, भाई!”

त्यात लोडशेडिंग. पण उचगावची लाइट गेली की गडमुडशिंगीची असायची. अडकलेल्या केसेस मी तिकडच्या कॅफेत वळवायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ करून पूल डिझाइन करणारी मी पहिलीच असेन.

उत्तरं आली तसं सरपंचांना रफीकभाईंच्या कॅफेत बोलावलं. पडद्यावर पत्र्याचा पूल साध्या वाऱ्यात वळवळत होता. जाळीचा जागच्या जागी. सरपंच मटकन खुर्चीत बसले. मला त्यांची दया आली, खरं सांगते.

“लोकांस्नी काय सांगू आता?” ते म्हणाले. मग एकदम ताडकन उठले. “पत्रा कापून नुसती अक्षरंच जाळीवर मारली तर? मधनं वारं जाईल की!”

“मग सोडा की वारं!” म्हणत रफीकभाईंनी बसलेली दोन गिऱ्हाइकं उठवली.

नव्या केसेस चालवल्या. अक्षरांत मोठ्या फटी ठेवल्या की पूल गप्प राहत होता. मी आनंदाने ओरडलेच.

उद्घाटनाला नदीवर भन्नाट वारं सुटलं होतं. पूल हूं की चूं नाही. जो तो आपल्या नावाला हात लावून उभा. माझी छाती फुगली. तेवढ्यात पुलावरच हलगी कडाडली, अख्खं गाव एका ठेक्यात नाचू लागलं, आणि पूल झुलायला लागला! वजनाचा हिशेब पक्का होता, पडायची भीती नव्हती, तरी मी गळा फाडून ओरडले, “हलगी काठावर न्या!”

“वाऱ्यानं न्हाय हलला न्हवं?” सरपंच नाचता नाचता म्हणाले.

हलगी काठावर गेली तेव्हा कुठे पूल थांबला. आता पुलाचं काम घेताना वाऱ्याच्याही आधी मी एकच विचारते, उद्घाटनाला हलगी आहे का?