सोया दुधाचा कप

शेवटच्या वर्षी बायकोला दूध पचत नव्हतं. सून तिच्यासाठी सोया दुधाची पाकिटं आणायची. मी ओझरला कारखान्यात जन्मभर माल तपासलेला. पाकिटामागची यादी वाचून म्हणालो, "हे प्रक्रिया केलेलं आहे. दूध नव्हे हे." मग सुनेच्या नकळत ते मोरीत ओतायचो आणि बायकोच्या कपात म्हशीचं दूध भरायचो. तिचं पोट बिघडलं, तेव्हा सगळ्यांसमोर सुनेला म्हणालो, "तुझ्या पाकिटांनीच हे केलं." ती रडली. मी खरं सांगितलं नाही.

बायको गेली. आता सून स्वतःसाठी घरीच सोयाबीन भिजवते, वाटते, उकळून दूध गाळते. त्या वासाबरोबर तो कप रोज डोळ्यांपुढे येतो. काल तिला विचारलं, "हेही प्रक्रिया केलेलंच ना?"

"हो बाबा. तुमचं दहीसुद्धा."

तेव्हा मी सगळं कबूल केलं. तिचा गाळणारा हात थांबला नाही.

"माहीत आहे मला. आईंना चव कळायची. म्हणाल्या, त्यांना बोलू नकोस, एवढं मनापासून देतात."

रिकामा कप परत देताना बायको माझ्याकडे बघून हसायची. ते हसू आता भर दुपारीही पाठ सोडत नाही.