फुकटचे कोच आणि वाळूतले आम्ही

वाळूत खेळून घरी गेलं की चार दिवस कानातून वाळू निघत राहते. आमच्या म्हात्रे सरांचे किस्से तसेच. एक सांगून झाला की दुसरा निघतो.

सर उमेळे गावचे. सकाळी वाडीतला मोगरा मार्केटला पाठवायचा आणि मग किनाऱ्यावर येऊन आमच्यावर ओरडायचं, तेही फुकट. कॉलेजने बीच व्हॉलीबॉल यंदाच सुरू केलं. प्रिन्सिपल मॅडमनी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "टूर्नामेंटला एक तरी मॅच जिंका. नायतर टीम बंद. नेट बॅडमिंटनला देऊन टाकू."

"मॅडम, हे नेट बॅडमिंटनला होत नाही."

"कापून घेऊ."

तेव्हापासून सर जे वैतागलेत ते वैतागलेतच.

*

बीचवर एका बाजूला दोनच प्लेयर असतात हे आम्हाला कुठे ठाऊक? अख्खी गँग गेलेली. सरांनी मला आणि ग्लेनला ठेवलं. मी बारावीला दुसऱ्यांदा बसलोय, ग्लेन माझ्या बाजूलाच बसतो.

ग्लेन म्हणाला, "सर, सबस्टिट्यूट कोण?"

"नसतो."

"मग कॅप्टन मी. दोघांत भांडण झालं तर कोणाचं तरी ऐकायला पायजे ना."

सर म्हणाले, "भांडण होईपर्यंत बॉल वर राहतो का रे तुमचा?"

*

कोर्टाला लागून रोझीमावशी जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकत घालते. सर गोडीत म्हणाले, "मावशी, तासभर उचला ना."

"सूर्याला सांग तासभर थांब, मी उचलते."

शेवटी मावशीने कायदा केला. ज्याचा बॉल जवळ्यात पडेल त्याने सगळा जवळा परतायचा. सर म्हणाले, चालेल, आणि आमच्याकडे वळले. "बघा, सर्व्हिस अशी मारायची."

सकाळभर सर जवळा परतत होते. मावशी म्हणाली, "मास्तर, हात बरा चालतो तुझा. उद्या पन ये."

*

कोर्टाची लाईन म्हणजे वाळूत ताणलेली पट्टी. मी रोज मागची पट्टी वीतभर आत सरकवायचो. सरांची प्रत्येक सर्व्हिस बाहेर. आधी म्हणाले वारा फिरलाय. मग म्हणाले बॉलमध्ये हवा जास्त झालीय, आणि हवा काढली. मग एक दिवस घरून टेप घेऊन आले, कोर्ट मोजलं. आणि दिवसभर बॉल मला आणायला लावले.

"सर, ग्लेनला पण पाठवा ना."

"ग्लेनने पट्टी नाही सरकवली."

"मग दुसरं टोक कोणी धरलं?"

दोघं पळालो.

*

टूर्नामेंटला कळलं, मॅच चालू असताना कोचने बोलायचंच नाही. सर म्हणाले, "मी तोंड उघडत नाही."

पहिलाच बॉल आमच्या दोघांच्या मधोमध पडला. मी ग्लेनकडे बघतोय, ग्लेन माझ्याकडे.

"माझा म्हण रे गाढवा!"

रेफरीने वॉर्निंग दिली. पुढच्या बॉलला तसंच झालं. सर परत ओरडले. रेफरीने सरांना दोरीच्या बाहेर काढलं, थेट पार्किंगला. जाताना सरांनी आमच्याकडे असं बघितलं, जसं नेट आत्ताच कापलंय.

आम्ही खेळलो. कसं ते विचारू नका. एकमेकांच्या पायात पडलो, तोंडात वाळू गेली, ग्लेनने एक बॉल डोक्याने उडवला. संपल्यावर पळत पार्किंगला गेलो. सर स्कूटरवर बसलेले, किल्ली लावलेली.

"झालं ना? बसा मागे. मॅडमना मी सांगतो."

"सर, जिंकलो."

"कोण?"

"आपण."

सरांनी ग्लेनला बघितलं, मला बघितलं, मागे आणखी कोणी येतंय का तेही बघितलं.

"आपण म्हणजे कोण?"